थायरॉइड अँटीबॉडी म्हणजे इम्युनिटी कमी? नाही हो

फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, की थायरॉइडच्या अँटीबॉडी वाढल्या म्हणजे इम्युनिटी कमी झाली, बूस्टर काढा घ्या. अहो, उलटं आहे! हाशिमोटो या थायरॉइडच्या आजारात (अशा अँटीबॉडी त्यातच वाढतात) इम्युनिटी दुबळी नसते, ती आपल्याच थायरॉइडवर उठलेली असते.

आपलं-परकं इम्युनिटीच्या पेशींना जन्मजात कळत नाही, शिकवावं लागतं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे टी-पेशी (इम्युनिटीच्याच एका प्रकारच्या पेशी) तयार होताना त्यांना शरीरातल्या प्रोटीनचे नमुने दाखवतात, अगदी इन्सुलिनचासुद्धा (एअर नावाचं जीन हे काम करतं, नाव वाचून हवा आठवते ते सोडा), आणि जी पेशी नमुन्याला घट्ट चिकटते तिला बहुतेक वेळा तिथेच मारून टाकतात. तरी काही निसटतातच. त्यांना आवरायला बाहेर रेग्युलेटरी टी-पेशी असतात, त्या जपानी संशोधक साकागुचींनी १९९५ ला दाखवल्या, २००१ मध्ये ब्रंकॉ आणि रॅम्सडेल यांनी या पेशींना लागणारं फॉक्सपी३ जीन शोधलं, आणि २०२५ चं मेडिसिनचं नोबेल या तिघांनाच मिळालं.

हा लगाम सुटला की ऑटोइम्यून आजार, म्हणजे इम्युनिटी आपल्याच शरीरावर उठते. मग बूस्ट नक्की कोणाला करताय? काढा प्यायचा तर प्या, पण थायरॉइडची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.