वेगात ब्रेक मारायला जास्त वेळ मिळतो? अजिबात नाही

परवा भाच्याने एक रील पाठवलं, त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर फिरतंय म्हणे. आइनस्टाईनने सिद्ध केलंय की वेगात वेळ हळू होते, म्हणून बाईक १२० ला असली की ब्रेक मारायला जास्त वेळ मिळतो, गाडी आकसते म्हणून फटीतून निघते, आणि सतत फिरणारे तरुण राहतात. एरवी डिलीट करून सोडून दिलं असतं, पण हा पोरगा रोज लांज्याहून हातखंब्यावरून रत्नागिरीला बाईकने जातो, भर पावसातसुद्धा.

चालतं घड्याळ हळू पडतं हे खरंय, मान्य. १९०५ चा सिद्धांत आहे तो, मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारीच्या ट्रॉलरवर जीपीएस असतं त्याच्या उपग्रहांच्या घड्याळातपण ही दुरुस्ती करावी लागते. पण हळू कोणाला दिसतं? रस्त्याकडेला उभा आहे त्याला! गाडीवरच्याचा मेंदू, हात, पाय सगळं त्याच्या स्वतःच्याच घड्याळावर चालतं.

जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत म्युऑन नावाचे कण प्रकाशाच्या ९९.९४ टक्के वेगाने रिंगणात फिरवले, १९७७ मध्ये निकाल छापून आला. एका जागी असलेला म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाख तुकडे करून त्यातले २.२) टिकतो, तिथे ६४ टिकला, म्हणजे २९ पट. पण हे ६४ लॅबच्या घड्याळातले, म्युऑनच्या स्वतःच्या हिशोबात ते २.२ च, त्याला जादा काही मिळालं नाही.

म्हणजे रील सरळ उलटं सांगतंय. पुढे आडव्या आलेल्या म्हशीपर्यंत पोचायला रस्त्यावरच्या घड्याळात १ सेकंद लागला, तर तुझ्या घड्याळात तो भरला त्याहून कमी, म्हणजे ब्रेकला वेळ कमीच, जास्त कुठला? आणि फरक तरी केवढा, १२० ने तासभर चालवलीस तर २२ पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे करून त्यातले २२. तेवढ्याच वेगात एका सेकंदात बाईक ३३ मीटर जाते रे, म्हैस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच!

तरुण राहण्याचं म्हणाल तर शंभर वर्षं न थांबता १२० ने फिरा, २० मायक्रोसेकंद वाचतील.

राहिलं आकसणं. ते होतं फक्त जायच्या दिशेने, लांबीत, आणि १२० ला २ मीटरची बाईक अणूच्या दहा हजाराव्या भागाएवढी आखूड होते. रुंदीत काहीच नाही. डंपर आणि कठड्यामधली फट तेवढीच राहते आणि तुझं हँडलही तेवढंच.