‘आईलाच वाचता येत नाही’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

मेळघाटातल्या मुलांसाठी कोरकू आणि मराठी अशा दोन भाषांतली डिजिटल गोष्टींची पुस्तकं वापरा, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “आईलाच वाचता येत नाही, तिथे ही पुस्तकं काय उजेड पाडणार? शहरी लोकांचा हौशी उद्योग आहे हा.” पुढे गावात नेटवर्क नसतं, मोबाइलने डोळे बिघडतात आणि ‘ल’, ‘श’ या अक्षरांचं वळण वेगळं असतं, हेही आलं.

‘हौशी उद्योग’ हे मला लागलं. मतभेद सांगायला हा सूर कशाला? धारणी-चिखलदऱ्यात बारा वर्षं मी हेच काम करते आहे. तुम्ही एकदा विचारलं असतंत तरी चाललं असतं.

अक्षरांचा मुद्दा तुमचा बरोबर. काही फाइलींत हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात, आणि बालभारतीचं वळण गिरवलेलं पहिलीचं मूल तिथे अडतं. फाइल निवडताना हे बघायलाच हवं.

आता त्या आईबद्दल. तिला वाचायला सांगायचंच नाही, सगळी पद्धत यावर उभी आहे. पहिल्या दिवशी अक्षरं बोटाने झाकायची, चित्र समोर धरायचं आणि आईने कोरकूत गोष्ट सांगायची. वाघ दिसला की ती ‘कुला’ म्हणते. मूल मग त्याच पानावर ‘वाघ’ वाचतं तेव्हा अर्थ आधीच हातात असतो. कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे, मराठीशी तिचं नातं नाही. अर्थ ठाऊक नसताना मूल नुसती अक्षरं जुळवतं, आणि लोक त्यालाच वाचन समजतात. दुसऱ्या दिवशी कोरकू आवृत्ती वाचायची. तीही देवनागरीतच असते, म्हणून एकदा ओळखलेलं अक्षर दोन्हीकडे उपयोगी पडतं. मराठी तिसऱ्या दिवशी, ओळीखाली बोट ठेवून. एकच गोष्ट चार संध्याकाळी पुरवायची, रोज दहा मिनिटं.

बिघडतं कुठे, तेही सांगते. चौथ्या दिवशी मूल पुस्तकाकडे न बघता धडाधड म्हणतं, कारण गोष्ट पाठ झालेली असते. मग चित्र झाकून शेवटच्या पानापासून उलटं वाचायला द्यायचं. पाठांतर लगेच उघडं पडतं. ध्वनीसह पुस्तक पहिल्याच दिवशी लावलं तर आई गप्प बसते, आणि मोबाइल बोलत राहतो. म्हणून आवाज सगळ्यात शेवटी. आणि घरात पाहुणे असताना आईला “तुम्ही वाचा” म्हणू नये. ती परत बसत नाही.

नेटवर्कचं उत्तर सोपं आहे: बाजाराच्या दिवशी फाइल उतरवून घ्या. डोळ्यांचा एवढा धसका असेल तर छापा. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत. श्रेय देऊन छापता येतात, भाषांतरही करता येतं. १६ पानांच्या पुस्तिकेला ए-फोर आकाराचे ४ कागद लागतात. छपाईत ‘बुकलेट’ निवडायचं आणि कागद आखूड बाजूने उलटवायचा, नाहीतर मागची पानं उलटी छापली जातात. मध्ये दोन पिना.

मुलं कंटाळतात, असंही तुम्ही म्हणता. स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टींचे स्तर आहेत: पहिल्यात साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसऱ्यात ६०० पर्यंत, तिसऱ्यात १५०० पर्यंत. कंटाळलेल्या मुलाच्या हातात तुम्ही कितव्या स्तराचं पुस्तक दिलं होतंत, ते प्रतिक्रियेत कुठेच नाही. तेवढं कळवा, मग पुढचं बोलू.