टाकीशेजारचे सात्त्विक भाव

“गावाकडून काही वाईट बातमी का रे?”

आज सकाळी सव्वासहाला पाण्याच्या टाकीमागून नाना उगवले आणि अर्धा तास खपून डोळ्यांत आणलेलं पाणी जागच्या जागी आटलं. प्राणायाम झाला होता, खर्ज लावून झाला होता, दातांत पेन्सिल धरून ‘चटईला टाचणी टोचली’ झालं होतं. फक्त रडणं राहिलं होतं. उद्या ऑडिशनचा व्हिडिओ पाठवायचाय: नाव, उंची, डावी बाजू, उजवी बाजू आणि बाप गेल्याचा सीन.

“नाही नाना, प्रॅक्टिस करतोय.”

“कशाची?”

“रडायची.”

नानांनी टाकीचं झाकण उचललं, आत बघितलं, पुन्हा ठेवलं. “त्याला प्रॅक्टिस लागते? आमची ही बघ. माहेरचा विषय काढ, एका दमात. आणि ती पेन्सिल कशाला?”

“उच्चार स्वच्छ होतात.”

“मग काढून बोल की! पैसे किती मिळतात?”

“सध्या काही नाही.”

“म्हणजे रडणंही फुकटच.”

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत, म्हणजे मनातलं आपोआप अंगावर उमटण्याच्या आठ खुणा. त्यातला अश्रू मला महिनाभर हुलकावणी देतोय. पण नानांसमोर स्वेद, स्वरभेद, वेपथु आणि वैवर्ण्य, म्हणजे घाम, चिरका आवाज, थरथर आणि उतरलेला चेहरा, असे चार एकदम, विनासायास प्रकट झाले. कॅमेरा तेवढा बंद होता.

खरं सांगू? राग नानांचा नाही. (थोडा आहे.) तिसऱ्या मजल्यावरची मुलगी साडेपाचला भैरव घेऊन बसते, कोमल रिषभ रोज घसरतो, तरी तो ‘रियाज’. गणपतीत तिला शाल-श्रीफळ. तळमजल्यावरचा बंड्या जिन्यात चेंडू आपटतो, ती ‘मेहनत’. मी तोंड उघडलं की ‘काय झालं?’ नटाने म्हणे प्रयोगापुरतं नट व्हावं, एरवी बँकेच्या परीक्षा द्याव्यात. आणि उद्या माझं वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं नाही, तर तिथून ‘आवाऽज!’ म्हणून ओरडणारे पहिले नानाच असणार. तो आवाज काय तिकिटासोबत येतो?

नऊ वाजता सोसायटीच्या ग्रुपवर सूचना पडली: ‘गच्चीवर वैयक्तिक दुःख व्यक्त करू नये.’ खाली अकरा अंगठे. एक माझ्या आईचा.

संध्याकाळी बेल वाजली. दारात नाना, हातात ज्येष्ठमधाची पुडी.

“उद्या टँकरसाठी नगरसेवकाकडे जायचंय. तूही चल.”

“मी काय बोलू तिथे?”

“बोलायचं मी. तू नुसता मागे उभा राहून रड. आणि हो, ती पेन्सिल घरी ठेव.”