सोललेली गाडी

लंडनजवळ राहायला आल्यावर मी 1991 सालची माझदा एमएक्स-फाइव्ह घेतली, तेव्हा ती चांगली नांदती गाडी होती. 1600 सीसीचं इंजिन, दोघांपुरती जागा, उघडणारं छप्पर आणि बटण दाबलं की बेडकासारखे डोळे वर काढणारे दिवे. मग मला हौशी शर्यतीत उतरायची बुद्धी झाली.

रेसची गाडी करायची म्हणजे आधी ती सोलायची. गालिचा गेला, स्टेपनी गेली, रेडिओ गेला. हीटर ठेवला, कारण पावसात काचेवर वाफ धरते आणि इथे पावसाला आमंत्रण लागत नाही. तळाच्या पत्र्याला आवाज दबावा म्हणून डांबराचा थर असतो. त्यावर कोरडा बर्फ पसरायचा, थर तडतडला की हातोडीने उडवायचा. दोन शनिवार गुडघ्यांवर बसून ठोकलं. सगळं डांबर काट्यावर ठेवलं, तर पाच किलो. बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिने डांबराकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. बोलली काहीच नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

त्यानंतर घसघशीत पैसे मोजून त्या पाच किलोंच्या कैकपट लोखंड आत घातलं. गाडी उलटली तर आपण चेपू नये म्हणून आतून बसवलेला हा नळ्यांचा पिंजरा, त्याला रोल केज म्हणतात. मग बकेट सीट, म्हणजे शर्यतीची खोलगट खुर्ची. तिच्यात बसता येतं, उठायला माणूस लागतो. सहा टोकांचा सीटबेल्टचा पट्टा आवळून घेताना वाटलं, यापेक्षा नऊवारी सोपी. शिवाय या पट्ट्यांना लोणच्याच्या बरणीसारखी मुदत असते, पाच वर्षांची. मी स्वस्तात मिळवलेला पट्टा कोणी एकदाही वापरला नव्हता. मुदत मात्र डिसेंबरातच संपलेली. दुसरा घेतला.

ब्रेक ऑइल तेवढं ‘नंतर बघू’ म्हणून राहिलं. ट्रॅकवर ब्रेक इतके तापतात की जुनं तेल उकळतं आणि पेडल लोण्यात रुतल्यासारखं खाली जातं. ही माहिती मला ब्रँड्स हॅच या ट्रॅकवरच्या सरावात मिळाली, पॅडॉक हिल बेंड नावाच्या वळणावर. तिथे रस्ता उजवीकडे वळता वळता पायाखालून खाली जातो. तुळजापूरची भवानी आणि जेजुरीचा खंडोबा दोघांनाही एकाच वळणात हाक मारली. वाचलो वळणाबाहेरच्या खडीत. खडी अजून निघतेय.

शर्यतीच्या सकाळी तपासनीस आले. त्यांनी आत डोकं घातलं आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे बोट दाखवलं. सुटी वस्तू चालत नाही. बाप्पा बायकोच्या पर्समध्ये गेले. मग बॅटरीची अर्थिंगची वायर. ती पिवळी दिसायला हवी, माझी काळी. बायकोने शेजारच्या तंबूतून पिवळी टेप मागून आणली आणि लग्नातलं हळकुंड बांधावं तशी गुंडाळली.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. सतरावा आलो, हे सांगायच्या आत तिने आतला उघडा पत्रा पाहिला.

“अरे, मेल्यांनी सगळं चोरून नेलं की! पोलिसांत गेलास का?”