चार कॉर्डांत मालकंस वाजवून दाखवा की राव!

सध्या एक रील फिरतंय. "सी, जी, ए मायनर, एफ. एवढे चार कॉर्ड शिका आणि पियानोवर कुठलंही गाणं वाजवा. भजन, नाट्यगीत, राग, काहीही! स्केलचा रियाज नको, २१ दिवस पुरे." (कॉर्ड म्हणजे एकत्र दाबायचे तीन स्वर.) ते रील कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या माझ्या भाचीपर्यंत पोचलं आणि तिनं अलंकार, म्हणजे स्केलचे सरावाचे पलटे, घोटणं बंद केलं. म्हणून हा खटाटोप.

"राग, काहीही" हे सगळ्यात अफाट. अगदी सुरुवातीला शिकवतात तो भूप राग घ्या. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय: मध्यम, निषाद वर्ज्य, म्हणजे घ्यायचेच नाहीत. सी हा सा धरला तर एफ म्हणजे म-ध-सा, म्हणजे मध्यम घुसला. जी म्हणजे प-नी-रे, निषादही आला. चारातले दोन तिथंच बाद. यमन रागात एफ दाबलात तर तीव्र मध्यमाच्या उरावर शुद्ध मध्यम बसतो. तिथं डी मेजर हवा. मालकंस रागात तर रिषभ-पंचमच नाहीत, ग-ध-नी कोमल. चारातला एकही कॉर्ड चालत नाही, खुद्द सी मेजरसुद्धा! चालतात ते एफ मायनर आणि ए फ्लॅट मेजर, ज्यांचं रीलमध्ये नावही नाही. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना जिथं दरबारगायक म्हणून आणलं, त्या कोल्हापुरात पोरं हे ऐकून माना डोलावतायत.

बरं, एक कबूल करतो. या चार कॉर्डांत मिळून सातही शुद्ध स्वर येतात, आणि ढीगभर पॉप गाणी खरंच त्यांवर निभावतात. पण रीलवाला वाजवतो कसं? डाव्या हाताचा पंजा उचलायचा, पुढं आपटायचा, तोही पार खालच्या सप्तकात, जिथं तीन जवळचे स्वर एकत्र दाबले की नुसता गढूळ आवाज येतो. इन्व्हर्जनबद्दल, म्हणजे त्याच कॉर्डचे स्वर खालीवर फिरवून घेण्याबद्दल, चकार शब्द नाही. सी-ई-जी वरून एफला जाताना सी तसाच ठेवा. ई सरकून एफ, जी सरकून ए. जीला जाताना जी धरून ठेवा, बाकीची दोन बोटं खाली बी-डी वर. वादनात भर पडते ती इथं.

२१ दिवसांबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

राहिला स्केलचा रियाज. कॉर्ड स्केलमधूनच निघतात, एक सोडून एक स्वर घेऊन. भाचीला म्हटलं, गाणाऱ्या काकूंची पट्टी डी निघाली तर हेच चार कॉर्ड डी, ए, बी मायनर, जी असे होतात. स्केल न घोटता त्यातला बी मायनर कुठून काढायचा, ते त्या रीलवाल्याला कमेंटमध्ये विचार.