३७ दिवसांत दोन मतदानं

२० मे २०२४ ला गोरेगावात लोकसभेसाठी बटण दाबलं. २६ जूनला विधान परिषदेच्या मुंबई पदवीधर मतदारसंघासाठी पुन्हा रांगेत उभी राहिले, तर हातात केंद्रावरचं जांभळं स्केचपेन. बरोबरची खूण चालत नाही, आकडाच लिहायचा: पहिली पसंती १, दुसरी २. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीला जातात.

मध्ये ४ जून येऊन गेला होता. आमच्या वायव्य मुंबईत साडेनऊ लाखांच्या आसपास मतदान झालं आणि निकाल लागला ४८ मतांनी. नोटालाच पंधरा हजारांवर मतं. उरलेले उमेदवार वेगळेच. त्या हजारो लोकांना ‘तुमचा नाही येत, मग या दोघांतला कोण?’ असं कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित तेच खासदार निवडून आले असते. माझी तक्रार निकालाबद्दल नाहीच.

मतदान पद्धत बदला म्हटलं की वाद लगेच ईव्हीएम की कागद यावर जातो. मतांवरून जागा कशा ठरतात, यावर कुणी बोलत नाही. २०१४ ला भाजपला देशात ३१ टक्के मतं आणि २८२ जागा. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात बसपला १९ टक्क्यांवर मतं आणि जागा शून्य. यावर ‘मतं तेवढ्या जागा’ हा उपाय सांगितला जातो. संविधान सभेत ४ जानेवारी १९४९ ला तशी मागणी आली, तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला होता. लोक साक्षर नाहीत आणि सरकार स्थिर राहणार नाही, ही त्यांची कारणं. पहिलं कारण आज तेवढं उरलेलं नाही. दुसऱ्याबद्दल महाराष्ट्राने काय बोलावं!

तरी ‘मतं तेवढ्या जागा’ म्हटलं की बहुधा मत पक्षाला जातं आणि खासदार पक्षाच्या यादीतून येतात; त्या याद्या मला नकोतच. खाली बाकड्यावर बसणारे काका म्हणतात, “यादी आली की तिकीटवाटप दिल्लीत. मग गटार तुंबलं तर जायचं कुणाकडे?” (गटार खासदाराचं काम नव्हे, पण काका सगळ्यांकडे जातात.) मुद्दा खरा आहे. म्हणून मला पसंतीक्रम हवा. मतदारसंघ तोच, खासदार एकच, फक्त बटणाऐवजी आकडे. ऑस्ट्रेलियात कनिष्ठ सभागृहासाठी १९१८ पासून असंच चालतं, आणि राज्यसभेला आपले आमदारही आकडेच लिहितात. मग हे फक्त आमदारांना आणि पदवीधरांनाच का? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भिशीचा सगळा हिशेब तोंडी ठेवतात. त्यांना एक-दोन-तीन जमणार नाही म्हणणाऱ्याने आधी त्यांच्याशी भिशी लावून बघावी.

मे महिन्यात मी एकाला पाडायला मत दिलं, जूनमध्ये एकाला आणायला. आवडता हरणार हे माहीत असूनही त्याच्यापुढे बिनधास्त १ लिहिला, कारण २ शिल्लक होता.

काकांचा शेवटचा आक्षेप मोजणीवर होता. लाखो मतपत्रिका फेऱ्या-फेऱ्यांनी मोजायच्या म्हणजे चार दिवस जातील. जातील. मी थांबायला तयार आहे. काका मात्र ४ जूनला दुपारपासून टीव्हीसमोरून हलले नव्हते, ते नाही थांबायचे.