प्रतिकार संपल्यानंतरचे बळ
‘संशयिताने प्रतिकार केला, म्हणून बळ वापरावे लागले’ हा पोलिसांच्या बळवापराचे समर्थन करणाऱ्या लेखातील युक्तिवाद अमेरिकेतील मिनियापोलिस शहरातल्या घटनेला लागू पडत नाही. २० डॉलरच्या बनावट नोटेच्या संशयावरून २५ मे २०२० रोजी पकडलेला जॉर्ज फ्लॉइड पोलिसांच्या गाडीत बसायला तयार नव्हता, हे खरे. परंतु हातांत बेड्या घातलेल्या अवस्थेत तो रस्त्यावर पालथा पडलेला असताना डेरेक शॉव्हिन या पोलिसाचा गुडघा सुमारे साडेनऊ मिनिटे त्याच्यावर दाबलेला होता आणि सहकाऱ्याने नाडी लागत नसल्याचे सांगितल्यानंतरही शॉव्हिन हटला नाही. मग आवरायचे तरी कोणाला होते? हे वर्तन प्रशिक्षणात बसत नाही, अशी साक्ष खुद्द शहराच्या पोलीस प्रमुखांनी २०२१ च्या खटल्यात दिली. पोलिसाविरुद्ध पोलिसाची साक्ष एरवी विरळाच.